चादर धरायला उच्चार लागत नाहीत

"तू सांग. दगड खाली का पडतो?"

मी उभी राहिले. उत्तर शाळेतलं पोरही देईल इतकं सोपं होतं. मी म्हणाले, "गुरुत्वाकर्षनामुलं खाली परतो."

महाशयांनी खडू टेबलावर ठेवला. चष्मा काढला.

"काय करतो?"

"खाली परतो."

"परततो? कुठे गेला होता तो, की आता परततोय?"

हॉल हसला. पुढच्या बाकावरची मुलं वळून बघायला लागली, कोण आहे ही. महाशयांनी हसू पुरतं ओसरू दिलं. त्यांना घाई नव्हती.

"बरं, ते राहू दे. म्हण, गुरुत्वाकर्षण."

"गुरुत्वाकर्षन."

"ण. बाणातला ण. जीभ टाळूला लागली पाहिजे. पुन्हा."

"गुरुत्वाकर्षन."

"पुन्हा."

एकटी असताना तो ण मला यायचा. पण शंभर डोळे तोंडाकडे लागले की जीभ आपल्या घरी जाते. माझ्या घरी ण नव्हता. ळ नव्हता. पडणं नव्हतं, परनं होतं.

"मिठागरावरची ना तू? मीठ चाटून चाटून जिभा जड झाल्यात तुम्हा लोकांच्या. भिंतीला उभी राहा. ण आला की बस."

ण आला नाही. मी उभी राहिले. वर्ग सुटेपर्यंत.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की माणूस मोठा होतो. सगळं ठाणं त्यांना आदराने हाका मारायचं. मी मनात त्यांना महाशय म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

महाशय मुंबईच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. राहायला ठाण्यात. रविवारी सकाळी टेंभी नाक्याजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये ते मोफत वर्ग घ्यायचे. ठाणं, डोंबिवली, कल्याण इथून रोज मुंबईला जाऊन बी.एस्सी. करणाऱ्या मुलांसाठी. विषय एकच. गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत. नवा म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचा, पण आमच्या कॉलेजात त्याचं नावही कुणी काढत नव्हतं. महाशयांना तो शुद्ध मराठीत आणायचा होता. अवकाश आणि काळ वेगळे नाहीत, दोघांचा मिळून एकच पट आहे, जड वस्तूजवळ तो पट वाकतो, आणि त्या वाकलेल्या पटावरून सरळ जाणारी वस्तू आपल्याला पडताना दिसते. कुणी कुणाला ओढत नाही.

हे मी भिंतीला उभी राहून ऐकलं. आणि ऐकताना अंगावर काटा आला, हेही खरं. अपमानाने कान तापलेले असताना त्या कानांतून इतकी मोठी गोष्ट आत गेली. त्यासाठी महाशयांचे आभार मानायचे, असं पुढे मला पुष्कळांनी सांगितलं. मी मानत नाही. गोष्ट त्यांची नव्हती. ते फक्त तिच्या दारात बसलेले होते.

त्याच दिवशी त्यांनी एक वाक्य फार रंगवून सांगितलं. "या सिद्धांतात कुणीही निरीक्षक श्रेष्ठ नाही. तुम्ही कुठेही उभे असा, निसर्गाचे नियम सगळ्यांना सारखेच." मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "काय गं, ण आला का?"

पुन्हा हशा. आपण आत्ता काय बोललो आणि लगेच काय केलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. विद्वान माणूस. जे शिकवायचं ते अंगाला लागू द्यायचं नाही, ही त्यांची विद्वत्ता.

आणखी एक. वर्गात आम्ही तिघी मुली होतो. बाकीच्या दोघींना महाशय "अहो" म्हणायचे. "अहो सुमनताई, तुम्ही सांगा." मला "काय गं." सुमन डोंबिवलीची, माझ्याच वयाची, बी.एस्सी.च्या माझ्याच वर्षाला. तिला हा फरक कधी ऐकू आला नाही. मी दाखवला तेव्हा म्हणाली, "अगं, ते तुला मुलीसारखं मानतात."

आमचं गाव ठाण्याच्या खाडीला लागून. घरामागे थोडं भात, पुढे मिठागरं. बापूस आणि आयस दोघं मिठावर. खाडीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, फळीने मीठ ओढून कडेला आणायचं, टोपल्या भरून डोक्यावरून राशीवर नेऊन टाकायच्या. आयसच्या टाचांच्या भेगांत मीठ जाऊन बसायचं. रात्री ती पायांना खोबरेल चोळायची. मिठागरं दुसऱ्याची. तो मालक वर्षातून एकदा यायचा आणि बांधावरच्या खुर्चीत नाकाला रुमाल लावून बसायचा.

स्वातंत्र्य मिळालं त्या साली मी मराठी चौथीत होते. गावातल्या पोरी तोपर्यंत शाळेतून काढलेल्या. बापसाला लोकांनी पुष्कळ सांगितलं, पोरीला किती शिकवतोस, लग्नाची हाय ती. तो बोलणारा माणूस नाही. मला एवढंच म्हणाला, "तुना शिकाचा हाय ना? मंग शीक." पुढे मॅट्रिकला गणितात मी शाळेत पहिली आले. शाळेच्या समारंभात माझं बक्षीस मला नुसतं हातात दिलं आणि दुसऱ्या आलेल्या मुलाला भाषण करायला लावलं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. आम्हांला न वाटण्याची सवयच असते. ती सवय आधी तोडावी लागते.

तर महाशयांचा वर्ग. मी जात राहिले. कशाला, असं कुणी विचारील. मला ते शिकायचं होतं म्हणून. दुसरीकडे कुठे ते मिळत नव्हतं. ज्याच्याकडे विहीर असते त्याच्या शिव्या खाऊन पाणी भरावं लागतं, तसं मी भरलं. दर रविवारी कधी ना कधी "ण आला का?" व्हायचं, आणि पुन्हा भिंत. मुलांना त्याची चटक लागलेली. श्रीधर म्हणून एक होता, महाशयांचा लाडका, गोरापान, आवाज छान. तो मला वाटेत बघितलं की "परतलीस का?" म्हणायचा.

घरी मी ण घोकायचे. चुलीजवळ बसून बाण, पाणी, लोणी, आपण. आयस एकदा म्हणाली, "काय गो बाय, दात दुखतान?" मी नाही म्हटलं. तिने तरी लवंग आणून दिली. मी ती दातात धरून बसले. त्या दिवसानंतर मी घोकायचं बंद केलं.

मग महाशयांनी जाहीर केलं की कल्याणला कार्यक्रम करायचा. तिथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये, कल्याण-डोंबिवलीच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना या सिद्धांताची ओळख करून द्यायची. वर्गातल्या प्रत्येकाने निबंध लिहायचा. ज्याचा सर्वांत सुबोध, तो तिथे बोलणार.

मी लिहिला. लिहिताना माझा ण कधी चुकत नाही. मी लिहिलं की कलिंगड घ्या. त्याच्या मधल्या फुगीर भागावर दोन मुंग्या अंतर सोडून ठेवा. दोघींनी आपापल्या पट्ट्यावरून देठाकडे सरळ चालायचं, डावीउजवीकडे वळायचं नाही. निघताना त्या एकमेकींपासून लांब आहेत. देठाशी पोचल्या की एकमेकींना भिडतात. कुणी ओढलं का त्यांना? नाही. त्या सरळच चालल्या. कलिंगड वाकडं आहे. पुढे लिहिलं की नुसती जागा वाकत नाही, काळही वाकतो, आणि दगड पडण्याचं मुख्य कारण तेच. हातात धरलेला दगड हलत नाही असं वाटतं, पण काळात तोही पुढे चाललेलाच असतो. हात काढला की तो वाकलेल्या काळातून आपल्या सरळ वाटेने निघतो, आणि ती वाट जमिनीकडे जाते.

पुढच्या रविवारी महाशय म्हणाले, "हिचा निबंध सर्वांत चांगला आहे. मला आश्चर्य वाटलं."

मी उभी राहिले.

"पण बोलणार श्रीधर. हाच निबंध तो वाचेल. विचार बरे आहेत, पण तोंडाचं काय करायचं? चार प्रतिष्ठित माणसं येणार आहेत." मग ते माझ्याकडे वळले. "तू हिरमुसू नकोस. तू चादर धर. चादर धरायला उच्चार लागत नाहीत."

चादरीचा प्रयोग त्यांचा आवडता. चौघांनी चार कोपरे ताणून धरायचे. मध्ये लोखंडी गोळा ठेवायचा, म्हणजे चादरीला खोलगा पडतो. मग कडेने गोटी सोडायची. ती गोळ्याभोवती फिरत फिरत आत जाते. बघा, म्हणायचं, गोळ्याने चादर वाकवली म्हणून गोटी वळली, तसंच सूर्य आणि पृथ्वी.

मी पहिल्यांदा तो प्रयोग पाहिला तेव्हाच मला प्रश्न पडलेला. गोळा चादरीत रुतला कशाने? खाली पृथ्वी आहे म्हणून. गोटी उतारावरून घरंगळली कशाने? तेही त्याचमुळे. म्हणजे जे समजावून सांगायचं त्याचाच आधार घेऊन ते समजावायचं. मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडावं लागलं असतं.

घरी मी बापसाला सांगितलं की माझं लिहिलेलं कल्याणला वाचून दाखवणार. तो म्हणाला, "मी येतंय." चादरीचं मी त्याला सांगितलं नाही.

कल्याणच्या हॉलमध्ये गर्दी होती. वकील, डॉक्टर, दोन हायस्कुलांचे हेडमास्तर, मागे विद्यार्थी, काही ठाकुर्लीहून रेल्वेच्या वसाहतीतून आलेले. बापूस डोक्याला फडका गुंडाळून दाराशी उभा. खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा असं कुणी म्हटलं नाही, आणि तो आपणहून बसणारा नाही. दाराशी उभं राहायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. शिकवावं लागत नाही इतकं ते जुनं आहे.

श्रीधर उठला. महाशयांनी ओळख करून दिली. "हा निबंध आमच्या वर्गाने सिद्ध केला आहे." वर्गाने. मी व्यासपीठाच्या कडेला घडी केलेली चादर घेऊन उभी. श्रीधरने छान वाचलं. प्रत्येक ण जागच्या जागी. माझं कलिंगड मात्र गायब होतं. महाशयांनी त्याचा "गोलक" केलेला. कलिंगड त्यांना बाजारातलं वाटलं असणार. मुंग्याही काढलेल्या. तिथे "दोन प्रवासी" आले होते. मी दाराकडे पाहिलं. बापूस कान देऊन ऐकत होता, आणि त्याला काही कळत नव्हतं. मला माहीत होतं की मुंग्या असत्या तर त्याला कळलं असतं.

मग चादर. तीन मुलं आणि मी. महाशयांनी गोळा मध्ये ठेवला. चादरीला खोलगा पडला. बोटं ओढली गेली.

"आता पाहा," महाशय म्हणाले, "ही गोटी मी सोडतो. तिला कुणी ओढतंय का? मुळीच नाही."

मी कोपरा सोडला.

गोळा धाडकन फरशीवर पडला. फरशीचा टवका उडाला. पुढच्या रांगेतल्या वकिलाने पाय वर घेतले.

"हात सुटला का गं?" महाशय हसत म्हणाले, लोकांकडे बघून. "नीट धर."

"सुटला नाय," मी म्हणाले. "सोरला."

माझाच आवाज मला ओळखीचा वाटला. घरातला होता तो. मी तसाच चालू दिला.

"गोला खाली परला. कशान परला? पायाखाली धरतरी हाय म्हनून. मंग चादरीन खड्डा परलेला तो कशान? तोपन तिच्यामुलंच. म्हंजे जा समजवाचा हाय, त्याचाच टेकू घेऊन तुमी समजवताव. मी पयल्या दिवशीच बगलेला. मना भिंतीला उभी केलेली म्हनून बोलली नाय."

कुणीतरी हसलं. एकटंच. त्याला साथ मिळाली नाही.

"आनि दुसरा. तो निबंध मी लिवलाय. त्यान कलिंगर होता. या लोकांनी कारून टाकला."

मग मी कलिंगडाचं सगळं सांगितलं. मुंग्यांसकट. काळाचंही सांगितलं. ण लागला तिथे न आला. ळ लागला तिथे ल आला. हॉलमध्ये इतकी शांतता मी श्रीधरच्या वेळी ऐकली नव्हती.

महाशय लाल झालेले. "आधी भाषा शीक," ते म्हणाले. "विज्ञान नंतर."

"मना दोन भाषा येतान," मी म्हणाले. "तुमाला एकच येते. आनि आयका. गुरुत्वाकर्षन म्हनायला तुमी मना वर्सभर उभी केली. ह्या सिद्धांतान आकर्षन नायच. कोनी कोनाला ओढत नाय. तुमीच शिकवलाव. जा नायच, त्याच्या उच्चारासाठी तुमी मना भिंतीला लावली."

मागून एक हेडमास्तर उठले. म्हणाले, "मुलीने चादरीबद्दल विचारलं, त्याचं उत्तर द्या ना. आम्हांलाही ऐकायचंय."

महाशयांनी घड्याळ पाहिलं. "वेळ संपली आहे," ते म्हणाले.

एवढंच. तीस वर्षांची विद्वत्ता, आणि तिला वेळ नव्हता.

बाहेर सुमन मागून पळत आली. "तू बरोबर बोललीस गं. पण पद्धत चुकली. त्यांना एकांतात सांगायचं होतंस." मला महाशयांपेक्षा त्या वेळी तिचीच किळस आली. मला भिंतीला लावलं ते एकांतात नव्हतं. तेव्हा तिला पद्धत आठवली नव्हती.

बापूस आणि मी स्टेशनकडे चालत निघालो. त्याने डोक्याचा फडका सोडून खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "त्या पोराचा बोलना मना समजला नाय. तुजा समजला." थोडं पुढे गेल्यावर त्याने विचारलं, "रोज असाच बोलतान तुना?"

मी हो म्हटलं. तो थांबला, मागे वळून हॉलच्या दिशेने बघत राहिला. मग चालायला लागला. त्या माणसाला मी आयुष्यात तेव्हा एकदाच रागावलेलं पाहिलं.

वर्गाचं दार अर्थात बंद झालं. बी.एस्सी. झाले. एम.एस्सी. करायची होती, त्यासाठी मोठ्या माणसाची शिफारस लागते असं कॉलेजात सांगितलं, आणि मोठी माणसं सगळी एकमेकांची निघाली. ठाण्यातल्या शाळांत अर्ज केले. एके ठिकाणी मुलाखतीत मला धडा मोठ्याने वाचायला लावला आणि मध्येच थांबवून "कळवू" म्हणाले. तो कुणाचा हात, ते मला विचारायची गरज नव्हती.

कल्याणच्या त्या हेडमास्तरांनी नोकरी दिली. भला माणूस, पण भित्रा. मी हायस्कुलात विज्ञान शिकवू लागले आणि रविवारी शाळेच्याच एका खोलीत कॉलेजच्या मुलांना हा सिद्धांत. आधी चारदोन आली, मग खोली भरायला लागली. डोंबिवलीची आली, ठाकुर्लीची आली. महाशयांच्या वर्गातलीही काही इकडे आली. मी चादर वापरली नाही. एकदा कलिंगड, एकदा मोठा माठ. मी जशी घरी बोलते तशी बोलायचे. पहिल्या दिवशी कुणी कुणी ओठ दाबले. तिसऱ्या रविवारपर्यंत त्यांना ओठांची आठवणही राहिली नाही. वाकलेल्या काळाची गणितं सोडवताना माणसाला दुसऱ्याच्या ळ कडे बघायला सवड नसते. ज्याला सवड असते तो गणित करत नसतो.

मग एके दिवशी हेडमास्तरांनी बोलावलं. मान खाली.

"महाशय येऊन गेले," ते म्हणाले. अर्थात त्यांनी नाव घेतलं, आदराने. "त्यांचं म्हणणं, पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या बाईने हा विषय शिकवणं बरं नाही. मुलांच्या कानांवर अशुद्ध पडतं. संस्थेच्या लोकांनाही ते भेटलेत. तुम्ही त्यांच्याकडे जाऊन या. माफी मागा. ते मनाने मोठे आहेत. एम.एस्सी.साठी शब्द टाकतील म्हणाले."

"आनि नाय मागितली तर?"

"रविवारची खोली मला देता येणार नाही, बाई. नोकरी मी सांभाळीन, जमेल तोवर."

मला हसू आलं. ठाण्याहून कल्याणला येऊन, जिने चढून, एका मास्तरणीचा रविवार बंद करायला इतका मोठा माणूस राबला होता. आणि त्याच्या खिशात माझ्यासाठी काय होतं? एम.एस्सी. मला हवी होती. आजही हवी आहे. पण त्याच्या हातातून मी ती घेणार नाही. त्याच्या हातात ती आहे, हेच मला मान्य नाही.

"खोली ठेवा तुमची तुमी," मी म्हणाले.

त्या आठवड्यात वर्गात सांगितलं. आता वर्ग आमच्या गावी. ठाण्याला उतरायचं, खाडीच्या रस्त्याने चालायचं, बांधावरून यायचं. आमच्या आळीचं मिठाचं एक जुनं कोठार रिकामं पडलंय. फळा मी आणते. एक मुलगा म्हणाला, "बाई, तिथे चिखल असतो ना?"

"असतो."

"घरचे पाठवणार नाहीत."

"मंग नको येऊ."

मी त्याला समजावलं नाही. पूर्वी समजावलं असतं, दुसरा रस्ता सांगितला असता, चिखलाची माफी मागितली असती. आयस आयुष्यभर त्या चिखलात उभी आहे. तिची कुणी मागितली?

पहिल्या रविवारी निम्मी आली. इस्त्रीच्या पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, बूट हातात. आयसने दाराशी पाण्याची बादली ठेवलेली. तिच्याकडे बघून एकाने विचारलं, "मावशी, पाय कुठे धुवायचे?" तिने बोट दाखवलं. मी फळ्यावर पहिली ओळ लिहिली.

महाशयांनी निरोप पाठवायचे थांबवलेले नाहीत. मध्यंतरी कुणाकरवी कळवलं की गावातल्या कोठारात विज्ञान शिकवणं हा विज्ञानाचा अपमान आहे. मी उत्तर दिलं नाही. देणारही नाही. त्यांना या सिद्धांतावर काही म्हणायचं असेल तर त्यांनी रविवारी सकाळी बांधावरून चालत यावं, पाय धुवावेत आणि जागा असेल तिथे बसावं. मी त्यांना सगळ्यांच्या बरोबरीने शिकवीन. त्यांच्या दारात मी आता जाणार नाही, आणि माझ्या कुणालाही जाऊ देणार नाही.